घरातले तेल: आधी मोजावे, मग निवडावे

कोणते तेल चांगले, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आपल्या घरात महिन्याला किती तेल लागते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तेल शेंगदाण्याचे असो, करडईचे असो वा सूर्यफुलाचे, त्याच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरीच मिळतात आणि प्रमाण सुटले की तेलाच्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही.

बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे साधारण पाच लहान चमचे तेल पुरते आणि त्यातच तूप-लोणीही धरायचे असते. चार मोठ्या माणसांच्या घरात हा हिशेब दिवसाला जास्तीत जास्त १०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३ किलो होतो. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, त्यामुळे तीन ते सव्वातीन लिटर ही वरची मर्यादा समजावी. दर सोमवारी पाऊण लिटर तेल वेगळ्या बुधलीत काढून आठवडाभर तेवढ्यातच स्वयंपाक करावा, आणि फोडणीसाठी बुधली कढईवर न धरता चमच्याने मोजून तेल घालावे. बुधली गुरुवारीच रिकामी झाली, तर जास्तीचे तेल तळणात गेले की रोजच्या भाजीत, हे त्याच आठवड्यात शोधता येते.

या हिशेबातून निसटणारे तेलही असते. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेलच असते, म्हणून भरल्या वांग्यात कूट, तीळ आणि सुके खोबरे सढळ हाताने पडत असेल, तर फोडणीचे तेल निम्म्यावर आणले तरी चव उणी होत नाही.

प्रमाण बसले की निवडीकडे वळावे. शेंगदाणा तेल रोजच्या वापराला उत्तम आहे, पण त्यात ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारे पण स्वतः बनवता न येणारे मेदाम्ल, जवळपास नसते. नेहमीच्या करडई तेलातही नसते. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात ते काही प्रमाणात असते, म्हणून यांपैकी एक तेल शेंगदाणा किंवा करडईच्या जोडीला आलटून-पालटून वापरावे. जवसाच्या तेलात ओमेगा-३ भरपूर असले तरी ते तापवण्याजोगे नसते. त्यापेक्षा जेवणात जवसाची चटणी ठेवणे सोपे. खोबरेल तेलात सुमारे नऊ दशांश भाग संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या मेदाचा) असतो, त्यामुळे कोकणी-गोव्याच्या ज्या पदार्थांना त्याचा स्वाद हवाच, तेथेच ते वापरावे, घरातले एकमेव तेल मात्र करू नये. लाकडी घाण्याचे तेल फोडणीला आणि चटणीला सुरेख लागते, परंतु ते थोडे-थोडे आणून उजेडापासून दूर ठेवावे. पुड्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे लिहिलेले पाहून निवड करू नये, कारण कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते.

सर्वांत जास्त काळजी तळणाची घ्यावी. पिठाचा थेंब टाकताच वर येईल इतपतच तेल तापवावे. धूर निघेपर्यंत तापवले की तेलाचे विघटन वेगाने होऊ लागते. कढईत तेल बेताचे घ्यावे, म्हणजे उरतेही कमी. उरलेले तेल निवल्यावर गाळून, झाकून ठेवावे आणि पुन्हा तळणासाठी न घेता एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे. त्यात ताजे तेल मिसळून तीच कढई पुन्हा चढवण्याची सवय मोडावी. तेल काळपट किंवा दाट झाले, त्यावर फेस टिकू लागला किंवा खवट वास आला, तर ते मोह न धरता टाकून द्यावे, आणि मोरीत ओतल्यास नळी तुंबते म्हणून बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून कचऱ्यात द्यावे.