गोडाऊनमधलं वायफाय: रिपीटर मोड काढला, एपी मोड टाकला

सांगली मार्केट यार्डात काकांचं हळदीचं दुकान, पुढं नेट पळतंय आणि मागं गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्पीपलीकडं सगळं रडतंय. बसवणाऱ्यानं ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा) रिपीटर मोडवर टाकलेला, म्हणजे एकाच रेडिओनं ऐकायचं पण आणि पुढं पाठवायचं पण, मग स्पीड निम्म्यावर येणारच की. राउटरपासून लॅन केबल ओढली (१०० मीटरच्या आत असली की बास), मोड बदलून एपी केला (केबलमधून नेट घ्यायचं, वायफायनं फक्त पसरवायचं), त्याचा डीएचसीपी (फोनला आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, देणारी सोय) बंद, नाहीतर राउटर आणि हा दोघंपण आयपी वाटत बसतात. राउटर १९२.१६८.१.१, ह्याला १९२.१६८.१.२ दिला. २.४ गिगाहर्ट्झला राउटर चॅनल १ वर, हा ६ वर, म्हणजे एकमेकांच्या सिग्नलमध्ये घुसत नाहीत. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडं सेमच, फोन आपोआप जवळच्यावर सरकतो, जुने फोन जरा आधीच्यालाच चिकटून बसतात. केबल शक्यच नसेल तरच रिपीटर, आणि तोपण अर्ध्या वाटेवर लावा, सिग्नल मेलेल्या जागी नको.