रूममेट जर्मन, फोडणी आपली

जर्मनीला निघालेल्या पोरांना ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा आणि जॅकेट यांवर सल्ला द्यायला शंभर जण पुढं येतात. ज्यांच्यासोबत एक फ्रीज आणि एक संडास वाटून घ्यायचा, त्या माणसांशी कसं जमवायचं हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं असतं. मी सांगलीची. आखेनला मास्टर्स केलं आणि तो सगळा काळ एका वेगेत काढला. वेगे म्हणजे तीन-चार जणांनी मिळून भाड्यानं घेतलेला फ्लॅट. खोल्या ज्याच्या त्याच्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं. माझ्यासोबत श्टुटगार्टकडची एक मुलगी होती आणि इराणातल्या इस्फहानचा एक मुलगा. दोघांशी घट्ट मैत्री झाली, पण वेगवेगळ्या वाटांनी. जर्मन मुलीशी झालेल्या मैत्रीची सुरुवात कचऱ्याच्या डब्यांपासून झाली, हे ऐकून हसू येईल, पण ते खरं आहे.

म्हणून पहिला सल्ला हाच, की लगेच मैत्रीच्या मागं लागू नका. आईनं दिलेले लाडू, गणपतीची छोटी मूर्ती, पैठणीचा बटवा हे बॅगेतून काढून वाटायची घाई नको. आधी घर नीट चालवायला लागा. जर्मन माणूस तुमच्याकडं बघून हसला नाही, तरी तुम्ही कागद कागदाच्या डब्यात टाकता की नाही हे त्यानं बघितलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात विचारून घ्यायच्या गोष्टी

फ्रीजमधला माझा कप्पा कोणता? तेल-मीठ सामाईक की आपापलं? साफसफाईचा तक्ता कुठं लावलाय, आणि माझी पाळी कधी? हे सगळं तोंडावर विचारा. तिथं याला आगाऊपणा समजत नाहीत.

कचऱ्याचं एकदा कुणाला तरी डब्यापाशी उभं करूनच समजून घ्या. पॅकिंगचं प्लास्टिक आणि डबे पिवळ्यात, कागद वेगळा, भाजीची देठं-सालं वेगळी, उरलेलं सगळं शेवटच्या डब्यात. रंग गावागणिक थोडे बदलतात. काच रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायची, तीही पांढरी, हिरवी, तपकिरी अशी निवडून, आणि रविवारी नाही, कारण खळखळाट होतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन तर फेकायचेच नाहीत. बहुतेकांवर २५ सेंट डिपॉझिट असतं, काचेच्या बिअरच्या बाटलीवर बहुधा ८. दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की पावती मिळते. आमच्याकडं बाटल्यांची पिशवी भरली की मी किंवा इराणी मुलगा ती घेऊन जायचो आणि आलेल्या पैशांत घरासाठी कॉफी आणायचो. एवढ्यानंही बोलायला विषय मिळतो.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी दिवसभर. वॉशिंग मशीन, ड्रिल, व्हॅक्युम यांचे लाड शनिवारीच पुरवा.

मग प्रसारण शुल्क. रेडिओ-टीव्ही असो वा नसो, दर घरामागं महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात. फ्लॅट एक असेल तर एकच जण भरतो, बाकीचे वाटा देतात. गावात नावनोंदणी केली की थोड्याच दिवसांत तुमच्या नावानंही पत्र येतं. ते बघून घाबरून भरत सुटू नका. आधीच भरणाऱ्या रूममेटचा शुल्क-खात्याचा क्रमांक घ्या आणि तो पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाला कळवा. वसतिगृहात खोलीचं दार थेट सार्वजनिक कॉरिडॉरमध्ये उघडत असेल तर मात्र ती खोलीच स्वतंत्र घर धरली जाते. हा प्रश्न तुम्ही स्वतःहून काढलात, तर रूममेटच्या डोळ्यात तुमची किंमत एकदम वाढते.

बाथरूमचं थोडक्यात सांगते. शॉवरच्या बाहेरच्या फरशीला बहुतेक ठिकाणी मोरीच नसते, त्यामुळं बादली-मग घेऊन खाली बसायची सवय सोडा. संडासात पाण्याचा मग ठेवणार असाल तर तो कशासाठी हे एकदा सरळ सांगून टाका, नाहीतर तो झाडांना पाणी घालायचा आहे असं समजून कुणीतरी गॅलरीत नेऊन ठेवेल. आणि मुलग्यांनो, बसून लघवी करा अशी पाटी दिसली तर तो विनोद नाही.

स्वयंपाकघर

निम्मी भांडणं इथं होतात आणि जवळजवळ सगळी मैत्रीही इथंच होते, म्हणून इथं थोडी थांबते.

कुकरची शिट्टी त्यांना माहीत नसते. तिथले कुकर गुपचूप वाफ सोडतात. आपला कुकर पहिल्यांदा लावायच्या आधी घरात सांगा, की दहा मिनिटांत जोरात आवाज येईल, स्फोट नाही, डाळ आहे. आमच्या इराणी मुलाला नंतर शिट्ट्या मोजायचं काम दिलं होतं. तो आपल्या खोलीतून फारसीत आकडा ओरडायचा.

हिंग पिशवीत आणलंत तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, आणि तो आपल्या खोलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलंत तर दुसऱ्याच्या लोण्याला वास लागतो. हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला, लाकडी पाटाला आणि रूममेटच्या प्लास्टिकच्या डब्यांना लावू नका. डाग जात नाही, आणि घर सोडताना घरमालक ओटा बघूनच डिपॉझिट परत करतो. स्वतःची एक कढई आणि एक लाकडी कालथा घ्या. दुसऱ्याच्या नॉनस्टिक तव्यावर स्टीलचं उलथनं चालवणं म्हणजे वैर घेणं.

फोडणी देताना चिमणी फुल्ल, स्वयंपाकघराचं दार बंद. पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो आणि त्याला मिरचीतला आणि आगीतला फरक कळत नाही.

आता खिडकी. जर्मन घरात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडतात, पाच-दहा मिनिटं, मग बाहेर बर्फ पडत असो. त्यामागं कारण आहे. घरं हवाबंद असतात, आतली वाफ भिंतीवर बसते आणि बुरशी धरते, आणि ती धरली की दुरुस्तीच्या खर्चावरून भाडेकरू आणि घरमालकात जुंपते. आपल्या स्वयंपाकाची वाफ तर विचारू नका. आमची श्टुटगार्टची बाई जानेवारीत मी तव्यावर थालीपीठ थापत असताना येऊन खिडकी उघडायची आणि निघून जायची. हात तेलाचे, पाठीवर उणे चार अंशांचा वारा, तवा गार. मनात चार शिव्या घातल्या, पण गप्प बसले नाही. त्याच संध्याकाळी तिला म्हटलं, "तू खिडकी उघडतेस तेव्हा माझं थालीपीठ कच्चं राहतं. मी झाल्यावर स्वतः दहा मिनिटं उघडीन. चालेल?" ती म्हणाली, "चालेल. पण विसरलीस तर?" मी म्हटलं, "तर तू उघड." झालं. ना तिला राग, ना मला. पुढच्या वेळी ती दारात येऊन घड्याळाकडं बघून उभी राहिली आणि तेवढ्यात तिला पहिलं थालीपीठ मिळालं.

त्यांच्याशी बोलायचं ते असंच. काय खटकतंय, त्याऐवजी काय हवंय, हे दोन वाक्यांत आणि त्याच दिवशी. आपण तोंडावर "हो, हो" म्हणतो आणि नंतर महिनाभर भांडी आपटतो. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे तुमची हरकत नाही, असं तिथला माणूस प्रामाणिकपणे धरून चालतो. फ्रीजवर चिठ्ठी चिकटवलेली दिसली तरी तो अपमान नसतो. चिठ्ठीला चिठ्ठीनं उत्तर देऊ नका, दार वाजवून बोला.

खायला घालायचं असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: अ‍ॅलर्जी काय, आणि काय खात नाही. आपल्या अर्ध्या भाज्यांत शेंगदाण्याचं कूट असतं आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. तिथं विद्यार्थ्यांत व्हीगन बरेच भेटतात, आणि त्यांना खाऊ घालणं आपल्याला सोपं जातं. साबुदाण्याची खिचडी तेलात करा, झालं व्हीगन. पिठलं, मटकीची उसळ, तेल लावून भाजलेली पुरणपोळी यांतही दूध-अंडं काही नाही. तिखट मात्र तुमच्या अंदाजाच्या निम्म्याचं निम्मं घाला. कांदा-लसूण मसाला वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हौस आहे तो घेईल.

आग्रह कुणाला करायचा

जर्मन रूममेटनं "केक घेणार?" विचारलं आणि तुम्ही संकोचानं "नको, नको" म्हणालात, तर केक गेला. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. तुम्ही वाढताना तिनं नको म्हटलं, तर हात मागं घ्या. "माझी शपथ" वगैरे चालवू नका.

इराणी माणसाशी उलटं. त्यांच्याकडं पहिल्यांदा नाही म्हणायची रीत आहे. आमचा इस्फहानवाला भुकेनं कासावीस असला तरी पहिल्या विचारण्याला "नको, तुम्ही जेवा" म्हणायचा. दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा ताट पुढं करायचं. आमच्या दोघांच्या या नाटकाकडं जर्मन मुलगी सुरुवातीला डोळे विस्फारून बघायची. आपल्याकडच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त कुणापुढं कोणता खेळ खेळायचा एवढं लक्षात ठेवायचं.

पैशांचंही असंच. जर्मन मैत्रीण १ युरो ८० सेंटच्या कॉफीचे पैसे त्याच रात्री पाठवते. तिला कंजूष म्हणू नका, आणि "राहू दे गं" म्हणून परतही पाठवू नका. देणं ठेवायला तिला आवडत नाही. इराणी मात्र बिल हिसकावून घेईल. तिथं पुढची फेरी तुमची, हे न सांगता लक्षात ठेवा.

बंद दार आणि तीन आठवड्यांनंतरचा शनिवार

खोलीचं दार बंद असणं म्हणजे रुसवा नाही. टकटक करा, "ये" ऐकल्यावरच आत जा. बाहेर जेवायला जाऊ म्हटलं की जर्मन मैत्रीण डायरी काढते आणि तीन आठवड्यांनंतरचा शनिवार सांगते. हे टाळणं नाही. तो शनिवार ती कुणालाही देणार नाही, आणि तुम्हीही ऐनवेळी रद्द करायचा नाही.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, जर्मनीत ते अशुभ मानतात. आदल्या संध्याकाळी जमतात, पण बाराचा ठोका पडल्यावरच गळाभेट. तुमचा वाढदिवस असेल तर केक तुम्हीच आणायचा.

आईला व्हिडिओ कॉल लावून "ही बघ माझी रूममेट" करायचं असेल तर आधी तिला विचारा. फोटो टाकतानाही. दुसरी मराठी मैत्रीण घरी आली असेल आणि रूममेट स्वयंपाकघरात आली, तर गप्पा इंग्रजीवर किंवा मोडक्या जर्मनवर आणा. हे फार जण विसरतात, आणि बाहेर ठेवल्याची भावना सगळ्यात लवकर यानंच येते.

दिवाळीत फ्लॅटच्या बाहेरच्या दारावर स्वस्तिक काढू नका. नाझी चिन्हांवर तिथं फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ नुसार बंदी आहे आणि जिन्यातल्या शेजाऱ्याला पहिली आठवण त्याचीच होते. देवापाशी आत असेल तर रूममेटला आपणहून सांगा, तिनं विचारायची वाट बघू नका. दारावर पणत्या आणि ठिपक्यांची रांगोळी पुरते. जात, ठरवून केलेली लग्नं, गाय यांवर प्रश्न येणारच. देशाच्या वतीनं उत्तर द्यायला जाऊ नका, आपल्या घरी काय चालतं ते सांगा. इराणी रूममेटला त्याच्या देशाच्या राजकारणाबद्दल पहिल्या दिवशी छेडू नका. त्याच्या घरची माणसं तिकडंच असतात. बोलायचं तेव्हा तो बोलेल.

एकत्र काय करायचं

समोरासमोर बसून "तुमच्या संस्कृतीबद्दल सांग" यातून फारसं काही होत नाही. हाताला काम हवं. बोर्डगेम खेळा, जर्मन पोरं यात तासन्‌तास रमतात आणि तोडकी भाषाही चालून जाते. डिसेंबरात बिस्किटं भाजायला हात लावा. आखेनला असाल तर सायकली काढून फाल्सजवळच्या टेकडीवर जा. तिथं जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एकत्र येतात. उंची जेमतेम ३२२ मीटर, आपल्याकडं त्याला कुणी डोंगर म्हणणार नाही, पण चढताना दम लागतो आणि त्यावरून चेष्टा करता येते.

सण जुळत असतील तर सोडू नका. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि त्याच्या दोन दिवस आधी, २० तारखेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, लागला. सूर्य विषुववृत्तावर येतो तो नेमका क्षण इराणी लोक धरतात. आमच्या इराणी मुलानं टेबलावर सात वस्तू मांडल्या, त्यात लसूण, सफरचंद, व्हिनेगर आणि ताटलीत उगवलेले गव्हाचे अंकुर. पाडव्याला मी पडद्याच्या दांड्याला ओढणी आणि स्टीलचा तांब्या बांधून खिडकीत गुढी उभारली. कडुनिंब मिळाला नाही, गाठी मिळाल्या नाहीत. जेवायला माझं श्रीखंड आणि इराणी मुलाचा भात, ज्याच्या पातेल्याच्या बुडाला मुद्दाम कुरकुरीत थर धरवतात. तो थर कुणाला किती यावरून आम्ही भांडलो, आणि श्टुटगार्टच्या बाईनं सुरीनं मोजून तीन सारखे भाग केले.

आणि एवढं करूनही नाही जमलं तर? होतं असं. काही जण घरी फक्त झोपायला येतात. वेळेवर भाडं, स्वच्छ बेसिन, येता-जाता नमस्कार एवढं असलं तरी घर चांगलं चालतं. मैत्री मेन्सात (विद्यापीठाच्या खानावळीत), प्रयोगशाळेत, कुठंही होईल. अगदीच असह्य झालं तर करारातली नोटीस बघा, बहुधा तीन महिन्यांची असते. आपल्या जागी येणारा माणूस तुम्ही शोधून दिलात तर घरमालक पुष्कळदा लवकरही सोडतो. नवा माणूस निवडताना राहणारे सगळे बसून मुलाखत घेतात, त्याला हजर राहा, पण मराठीच हवा असा हट्ट धरू नका. तीन मराठी आणि एक जर्मन अशा फ्लॅटमध्ये त्या जर्मनाचं काय होतं ते मी शेजारी बघितलंय.