1962 च्या जवानाला एसएलआर देऊ नका: युद्ध-मॉडमधल्या या चुका टाळा

भारतीय सैन्याचे मॉड, म्हणजे युद्धाच्या गेममध्ये खेळाडूंनी स्वतः केलेले बदल, बहुतेक सालावर फसतात. मॉडेल देखणं, टेक्स्चर झकास, आणि 1962 च्या लडाखमध्ये जवानाच्या खांद्याला एसएलआर (पुढची गोळी आपोआप भरणारी सेल्फ-लोडिंग रायफल)! त्या युद्धात पायदळ .303 ली-एनफिल्ड घेऊन लढलं, 7.62 मिमीची 1ए1 एसएलआर पलटणींत नंतर आली.

.303 सुद्धा एकच नाही. नंबर 1 मार्क 3 ची मागची साइट नळीवर, डोळ्यापासून लांब असते. नंबर 4 ची छिद्राची साइट रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ. एकीचं मॉडेल काढून दुसरीचं बसवलं आणि नेम धरताना कॅमेरा जुन्याच जागी राहिला, की गोळी भलतीकडे गेल्यासारखी वाटते. साइटचे मेमरी पॉइंट (कॅमेरा कुठे बसेल ते सांगणारे मॉडेलमधले बिंदू) पुन्हा बसवा. दोन्हींत 10 गोळ्या, 5-5 च्या दोन क्लिपांनी भरायच्या. बोल्टचं ॲनिमेशन माउझरचं उचलू नका: माउझर 98 बोल्ट उघडताना कॉक होते (घोड्याची स्प्रिंग ताणली जाते), ली-एनफिल्ड बंद करताना. इशापूरची 2ए1 दिसायला तशीच, पण ती 7.62 ची आणि 1962 नंतरची.

1971 च्या मिशनमध्ये एसएलआर धडाधड बर्स्ट मारते? मग तिचा क्लास (कॉन्फिगमधली तिची व्याख्या) ऑटोमॅटिक रायफलवरून वारसा घेतोय. आर्मा या गेममध्ये फायर मोडच्या यादीत फक्त सिंगल ठेवा, मॅगझिनचा काउंट 20 करा, पीबीओ (मॉडची बांधलेली फाइल) पुन्हा बांधा आणि जुनी फाइल फोल्डरमधून काढा. नाहीतर तीच लोड होते आणि बदल झालाच नाही असं वाटतं. '7.62' एवढंच वाचून एके-47 ची गोळी देणारेही आहेत. तिची 7.62×39, सुमारे 715 मीटर प्रति सेकंद, एसएलआरची 7.62×51, सुमारे 840. लांबच्या नेमात हा फरक लगेच कळतो.

कार्बाइन स्टर्लिंगची, मॅगझिन बाकदार. सरळ असेल तर ती स्टेन.

गणवेशात सर्वांत हमखास सापडतो तो ब्रिटिश टेक्स्चरवरचा मुकुट. 1950 नंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह हवेत. 'जमादार' हा हुद्दा 1962 ला बरोबर. 1971 ला नायब सुभेदार. पायदळाचा रंग साधा ऑलिव्ह ग्रीन. पिक्सेल छापाचा गणवेश 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी दिसला, त्याला 1971 मध्ये जागा नाही.

टांगाइलचं (आजच्या बांगलादेशातलं) मिशन करणाऱ्यांसाठी: 11 डिसेंबर 1971 ला तिथे उतरलेली 2 पॅरा मूळची मराठा पलटण खरी, पण तोवर ती पॅराशूट रेजिमेंटची होती. बेरे (टोपी) मरून रंगाची द्या.