गोगोलचं ‘नाक’ चारचौघांत कसं वाचून दाखवावं

ग्रोटेस्क, म्हणजे हसू आणि भीती एकदम आणणारी विचित्र कथा वाचायची असेल तर सुरुवात रशियन लेखक गोगोलच्या १८३६च्या याच कथेपासून करा. आधी एकदा मनात वाचून घ्या. चहा वाचनानंतर.

‘ग्रोटेस्क म्हणजे काय’ यावर प्रस्तावना झोडू नका. आपल्याकडं बहुतेकांनी वेरूळ पाहिलेलं असतं. एकवीस नंबरच्या लेण्यातल्या, हाडांचा सापळा उरलेल्या कालीपुढं पोरं आधी खिदळतात, मग हळूच आईचा पदर धरतात. ते खिदळणं आणि तो पदर, दोन्ही एकदम व्हायला हवं.

अवघड आहे ते पहिलं पान. परभणीत मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आवाज खर्जात नेला, दिवेसुद्धा घालवले. ना कुणी हसलं, ना कुणी दचकलं. मागं एक जण घोरत होता. चूक माझीच. ही भुताची गोष्ट नाहीच. इवान याकोवलेविच न्हावी सकाळी उठतो. कॉफी आणि पाव दोन्ही मागायची बायकोपुढं छाती नाही, म्हणून नुसता पाव मागतो. दोन कांदे सोलतो, मीठ घेतो, पाव कापतो. आत नाक. कांदा-भाकर खायला बसलेल्या माणसाच्या आवाजात हे वाचा. ‘नाक’ शब्दावर थांबायचं नाही, जोर द्यायचा नाही. बायको लगेच भांडायला लागते, तिथं मात्र आवाज चढू द्या.

दुसरी चूक याहून वाईट. एका काकांनी विचारलं, “सर, हे नाक म्हंजे इज्जतच की?” मी मोठ्या हुशारीनं “बरोबर” म्हणालो, आणि कथा तिथंच मेली. मराठीत नाक कापलं जातं, नाक वर असतं, नाकानं कांदे सोलतात. अर्थ आपल्या जिभेवर तयारच असतो. एकदा तो सांगितला की पावातलं नाक कुणाला दिसत नाही. कुणी विचारलंच तर म्हणा, “काका, आधी ते पावात सापडलंय. पुढं ऐका.” मार्गदर्शिकांतली प्रतीकांची यादी घरी ठेवा.

मधला भाग आपोआप वाचला जातो. पावातलं नाक ज्याचं, तो कोवाल्योव हरवलेल्या नाकाची जाहिरात द्यायला वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो, तिथं वेग कमी करा. कारकून जाहिरात नाकारतो, पण त्याला दया येते. म्हणून तो तपकिरीची डबी पुढं करतो: घ्या, डोकेदुखी जाते, मूळव्याधीलाही बरी. हे रेशनच्या रांगेत ऐकू येतं तितकं सपाट वाचा. मग थांबा आणि दोन घोट पाणी प्या. हसू पुरतं फुटायच्या आत कुणाचा तरी हात स्वतःच्या नाकाकडं जातो.