एका शरीरातला फ्लू, एका एक्सेल शीटमध्ये

२००९च्या स्वाइन फ्लूनंतर पुण्यात टॅमीफ्लू या फ्लूवरच्या औषधाचं नाव घरोघरी पोचलं, आणि ते 'पहिल्या ४८ तासांत' सुरू करण्याचा आग्रहही. हा आग्रह का, ते गणितातून दिसतं. मात्र इथे शहरातले रुग्ण मोजायचे नाहीत; एकाच माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशी आणि विषाणू मोजायचे आहेत.

स्तंभ पाच: वेळ (दिवसांत), निरोगी पेशी, बाधित पेशी, विषाणू, नवी बाधा. खालचे आकडे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले. मुद्दाम संसर्ग दिलेल्या सहा स्वयंसेवकांच्या मोजमापांवर ते बसवलेले होते.

निरोगी पेशी सुरुवातीला ४० कोटी, बाधित शून्य, विषाणू ०.०९३. बीटा (संसर्गाचा दर) ०.००००२७, डेल्टा (बाधित पेशी मरण्याचा दर) ४, पी (विषाणूनिर्मिती) ०.०१२, सी (विषाणू नष्ट होण्याचा दर) ३. चारही दर एका दिवसाचे आहेत. हे चार आकडे वेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि सूत्रात डॉलर चिन्हाने बांधा. पायरी, म्हणजे दोन ओळींतलं अंतर, ०.०१ दिवस; सूत्रांतला ०.०१ तोच.

नवी बाधा = बीटा × निरोगी × विषाणू × ०.०१
निरोगी = आधीच्या निरोगी − नवी बाधा
बाधित = आधीच्या बाधित + नवी बाधा − डेल्टा × बाधित × ०.०१
विषाणू = आधीचे विषाणू + (पी × बाधित − सी × विषाणू) × ०.०१

उजवीकडचं सगळं वरच्या ओळीतून घ्यायचं. आठ दिवसांना ८०० ओळी लागतात. कंटाळून पायरी ०.१ केलीत, तर शिखराजवळ एका पायरीतली नवी बाधा उरलेल्या पेशींहून जास्त होते आणि निरोगी पेशी चक्क उणे जातात. सूत्र तपासत बसू नका, पायरी लहान करा.

विषाणूंचा आलेख लॉग मापावरच (प्रत्येक खूण आधीच्या दहापट) काढा. साध्या मापावर शिखराशिवाय काही दिसत नाही. शिखर दोन ते अडीच दिवसांदरम्यान, काही लाखांवर यायला हवं.

आता औषध. टॅमीफ्लूसारखं औषध नवे विषाणू पेशीतून सुटू देत नाही, म्हणून पी ला (१ − परिणामकारकता) ने गुणा, तेही औषध सुरू झालेल्या ओळीपासून पुढेच. परिणामकारकता ०.९८ धरून एकदा पहिल्या दिवशी (वेळ १) सुरू करा, एकदा तिसऱ्या (वेळ ३). पहिल्या वेळी वक्र तिथेच मोडतो. तिसऱ्या दिवशी मात्र औषधाने आणि औषधाविना येणाऱ्या उतारात जेमतेम ०.२ लॉगचा (सुमारे दीडपट) फरक उरतो. निरोगी पेशी संपल्याने साथ आतल्या आत आटोपलेली असते.

स्वतःचा डेटा बसवताना खरी फसगत होते. पेशी ४ कोटी आणि पी ०.१२ करून पाहा: विषाणूंचा वक्र तसूभरही हलत नाही. म्हणजे नुसत्या विषाणूंच्या मोजमापांतून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, फक्त गुणाकार मिळतो. शिखरानंतरचा उतारही डेल्टा आणि सी यांतला जो लहान, तोच ठरवतो. त्यामुळे सॉल्व्हरने (मोजमापांशी जुळणारे आकडे शोधणारी एक्सेलची सोय) चारही आकडे सुबक दिले तरी हुरळू नका. एक-दोन बाहेरच्या प्रयोगांतून पक्के करा.

आणि पीसीआर चाचणीचा सीटी आकडा (विषाणूचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, दिसायला लागलेल्या आवर्तनांची संख्या) थेट विषाणूच्या स्तंभात भरू नका. सीटी सुमारे ३.३ ने वाढला की आरएनए दहापट कमी, आणि संसर्गक्षम विषाणू संपल्यावरही आरएनए सापडत राहतो. वरचे आकडे संसर्गक्षम विषाणूचे आहेत.