चिनी कोरीव लॅकर: शिक्का आणि ड्रॅगन बघण्याआधी या चुका टाळा

लाल नक्षीची चिनी डबी हातात आली की नजर आधी ड्रॅगनवर जाते आणि मग डबी उलटी करून सम्राटाच्या काळाचा शिक्का शोधला जातो. इथेच फसगत होते. नक्षीची नक्कल करता येते, शिक्काही कोरता येतो. म्हणून आधी टवका उडालेला कोपरा शोधा आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग त्यावर धरा.

लॅकर म्हणजे लाख नव्हे

सोनार पोकळ मण्यांत भरतो ती लाख किड्यांपासून मिळते. ती उष्णतेने मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी लॅकर हा झाडाचा चीक आहे. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं असून त्याचा ओला चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उततो. हा चीक उन्हात वाळवत नाहीत. २० ते ३० अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता असलेल्या बंद कपाटात तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. एकदा घट्ट झाला की तो वितळत नाही.

त्यामुळे ‘गरम सुई टोचून बघा’ हा सल्ला ऐकू नका. सुईने अस्सल लॅकरही जळतं आणि भोक कायमचं राहतं. स्पिरिटचा बोळाही फिरवू नका. उजेडाने जीर्ण झालेला पृष्ठभाग त्याने पांढरट पडतो, शिवाय जुनी डागडुजी सुटते ती वेगळीच.

कड काय सांगते

कोरीव लॅकरमध्ये आधी चिकाचे थरावर थर चढवतात आणि मग त्यांत नक्षी कोरतात. साधारण १५ ते २० थर चढवले की १ मिलिमीटर जाडी मिळते. म्हणजे ५ मिमी खोल नक्षीसाठी ७५ ते १०० थर लागतात. प्रत्येक थर घट्ट व्हायला एखादा दिवस धरला, तर कोरायला बसण्याआधीच काही महिने जातात. म्हणून अस्सल कामाच्या तुटलेल्या कडेवर वहीच्या पानांसारख्या बारीक समांतर रेषा दिसतात. लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाचा असतो. लाल थरांमध्ये कधी एखादी काळी रेघही सापडते. पुष्कळदा ती कारागिराला खोलीची खूण म्हणून घातलेली असते, तेव्हा तिला दोष समजू नका.

नकली मालाचे तीन प्रकार नेहमी भेटतात. राळ आणि भुसा साच्यात दाबून केलेल्या वस्तूत खोबणींचे तळ गोलसर असतात, बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेला साच्याची शिवण असते आणि सगळ्या पाकळ्या अगदी एकसारख्या निघतात. दुसऱ्या प्रकारात लाकूड कोरून वर लाल लॅकर फासतात. टवक्याखाली थेट लाकडाच्या शिरा दिसतात. तिसरा जरा चकवतो: राखेच्या लगद्याने उठाव तयार करून त्यावर लाल थर दिलेला असतो. हे जुनंच तंत्र आहे, पण त्याला कोरीव लॅकर म्हणून किंमत देऊ नका.

काळ्या-लाल पट्ट्यांच्या वेटोळ्या नक्षीत, जिला चिनीत ‘तीशी’ म्हणतात, खोबणीच्या तिरप्या भिंतीवर रंगांच्या पट्ट्या सलग फिरायला हव्यात. एखाद्या वळणावर पट्टी तुटली किंवा पुसट झाली, तर तिथे दुरुस्ती झाली असेल किंवा रेषा वरून रंगवल्या असतील.

नक्षी वाचताना

पाच नख्या ही दरबाराची खूण, पण तसा ड्रॅगन दिसला म्हणून वस्तू दरबारी ठरत नाही. उलट काही अस्सल दरबारी वस्तूंवरचं पाचवं नख नंतर खरवडून काढलेलं आहे. म्हणून नखांच्या मधली जागा भिंगातून तपासा.

लांब शेपटीच्या पक्ष्यांची जोडी म्हणजे मोर, हा आपल्याकडचा हमखास गैरसमज. ते फिनिक्स असू शकतात, नाहीतर आपला स्वर्गीय नर्तक पक्षी. त्याच्या चिनी नावातला ‘शौ’ हा उच्चार दीर्घायुष्याच्या शब्दाशी जुळतो. वटवाघळाचंही तसंच. आपल्याला ते अभद्र वाटतं, तिथे ‘फू’ या उच्चारामुळे ते सुदैवाचं चिन्ह आहे.

निसर्गदृश्यामागची बारीक जाळी नुसती भरताड समजून सोडू नका. आकाश, पाणी आणि जमीन यांच्या जाळ्या वेगवेगळ्या असतात. आकाशाच्या जाळीवर माणसं चालताना दिसली, तर नक्कल करणाऱ्याला भाषा कळलेली नाही.

विषयावरून काळ ठरवणं मात्र धोक्याचं. ‘वसंत’ या चिनी अक्षराची आणि आत बसलेल्या दीर्घायुष्यदेवतेची रचना सम्राट ज्याजिंगच्या काळातली (१५२२–१५६६). तीच सम्राट छ्यानलोंगच्या काळात (१७३६–१७९५) पुन्हा कोरली गेली. त्यापेक्षा कोरीव कडा बघा. सम्राट योंगलच्या काळातल्या (१४०३–१४२४) कडा घासून गोल, मऊ केलेल्या असतात. छ्यानलोंगच्या कामात कडा धारदार आणि नक्षी गच्च असते.

शिक्क्याबद्दल एवढंच: योंगलचा शिक्का सुईने ओरखडल्यासारखा बारीक, उभा आणि तळाच्या डाव्या कडेला असतो. सम्राट श्वँदचा (१४२६–१४३५) शिक्का चाकूने कोरून सोन्याने भरलेला असतो. त्याच्याखाली कधी पुसट योंगलचा शिक्काही दिसतो, त्यामुळे दोन शिक्के दिसले की लगेच ‘नकली’ म्हणू नका.

घरात ठेवताना

मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेर ओल आणि आत रात्रभर एसी, अशी स्थिती असते. लॅकर तसंच राहतं, पण आतलं लाकूड फुगतं-आकसतं आणि सांध्यांवरून चीर जाते. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांवर स्थिर ठेवा आणि पेटीत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ठेवा. मोजमाप न करता सिलिका जेल भरलंत तर हवा जास्तच कोरडी होईल. उजेड ५० लक्सपर्यंत असावा आणि थेट ऊन नकोच.

तेल, मेण किंवा फर्निचर पॉलिश लावू नका; ते खोबणीत साचून धूळ धरतं. ओलं फडकंही नको. मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने धूळ झटका. सुती हातमोज्यांचे धागे नक्षीत अडकतात, म्हणून नायट्राइलचे वापरा. डबी झाकणाला धरून उचलू नका, दोन्ही हात तळाखाली घ्या.

टवका निघाला तर झटपट चिकटणारा डिंक लावू नका. तो कडक होतो, डाग पाडतो आणि पुढे सुटत नाही. टवका छोट्या झिप पिशवीत घाला, तो कुठून निघाला त्या जागेचा फोटो काढा आणि पिशवीवर तारीख लिहून ती डबीबरोबरच ठेवा. पुढे संवर्धकाकडे गेलात तर तो आधी तोच मागेल.