काटा वर जायच्या आधीच इंजिन तापतंय हे कळायला

बऱ्याच गाड्यांमधे टेंपरेचरचा काटा मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) चांगलंच तापलेलं असतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र), स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला लावायचा नि मोबाईलच्या ॲपवर कूलंटचा खरा आकडा बघायचा. साधारण ८५ ते १०५ डिग्री नॉर्मल, पण आपल्या गाडीचा रोजचा आकडा लक्षात ठेवा, तोच जास्त कामाचा.

आकडा चढतच राहिला तर:

१. एसी बंद, हीटर फुल गरम नि ब्लोअर फुल. आत उकडेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघते.
२. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, तरी आकडा उतरत नसेल तर इंजिन बंद करा. हीटरमधून गार हवा यायला लागली तर कूलंट संपलंय किंवा फिरत नाहीये, मग लगेच बंद, एक मिनिटही चालवू नका.
३. बॉनेटमधून वाफ येत असेल तर थांबेपर्यंत उघडू नका.

आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात नाही! आत प्रेशर असतं, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला गार नि मऊ लागला की मगच हात लावा.